वामनरावांचा खुबा आणि मांडवातल्या खुर्च्या

माणसाचं मोठेपण त्याच्या गुणांवरून ठरतं, असं पोथ्यांत लिहिलेलं आहे. परंतु पोथ्या लिहिणारे स्वतः जमिनीवर बसून लिहीत, त्यामुळे या विषयात त्यांचा अभ्यास कमी पडला असावा. वऱ्हाडात माणसाचं मोठेपण तो कशावर बसतो यावरून ठरतं. सतरंजीवर बसणारा साधा, गादीवर बसणारा बरा, लोडाला टेकून बसणारा वजनदार, आणि खुर्चीवर बसणारा एकतर साहेब असतो किंवा ज्याच्या घरी साहेब येतात असा असतो. (अमरावतीत न्हाव्याकडेही खुर्चीवर बसवतात, पण तिथून उठवतात लवकर, म्हणून ते धरत नाहीत.)

या हिशेबानं वलगावचे वामनराव साधे गृहस्थ होते. काळ्या मातीची बेताची जमीन, दोन बैलजोड्या, बायको लीलाबाई, दोन मुली आणि थोरले भाऊ सहदेवराव, एवढा त्यांचा संसार. घरात मान आला की तो सहदेवरावांकडे जाई आणि काम आलं की ते वामनरावांकडे येई. ही वाटणी इतकी जुनी आणि सुरळीत होती की तिच्यावरून कधी कोर्टकचेरी झाली नाही.

वामनरावांच्या मनात एकच गोष्ट सलत होती. थोरल्या मुलीच्या लग्नात ते विषमज्वरानं आतल्या खोलीत पडून होते आणि तिचं कन्यादान सहदेवरावांनी केलं. ते इतकं झकास झालं की पुढं कैक वर्षं सहदेवराव स्वतःच त्याचं वर्णन करत. बाजारात करत, पारावर करत, वामनरावांच्या ओसरीवर बसून वामनरावांनाही ऐकवत. वामनराव मान डोलावत ऐकून घेत. मात्र धाकटी कौशल्या शहाणी झाली तेव्हापासून त्यांनी मनाशी गाठ मारून ठेवली होती की हिच्या हातावर पाणी सोडायचं ते आपल्याच हातानं. चौसष्ट सालच्या दिवाळीनंतर कौशल्येची सोयरीक बार्शीटाकळीच्या पंजाबरावांच्या मुलाशी जमली, वैशाखातली तिथी निघाली, आणि वामनरावांनी कधी नव्हे ते स्वतःसाठी एक नवं धोतर घेऊन ठेवलं.

पुढच्याच पंधरवड्यात ते अमरावतीच्या कापूस बाजारात गाडीवरून पडले. हर्रास चालली होती. आपल्या कापसाचा भाव कोण वाढवतो आहे हे पाहायला ते कापसाच्या ढिगावर उभे राहिले, बैलांना कसलीशी घाई झाली, आणि गाडी पुढं व वामनराव मागं असं झालं. त्या दिवशी बाजारात शेकडो गाड्या कापूस होता. जिकडं पाहावं तिकडं मऊच मऊ. वामनरावांनी एवढ्या कापसातून बरोबर फरशी शोधली. उजव्या खुब्याचं हाड मोडलं.

मोडलेल्या हाडावर पहिला हक्क गावच्या हाडवैद्याचा असतो. नत्थुजींनी लेप दिला, बांबूच्या पट्ट्या बांधल्या आणि पाय ओढून पाहिला. पाय ओढला गेला, वामनराव मात्र जागेवरच राहिले. तेव्हा नत्थुजींनी, हा खुबा आपल्या हातातला नाही, असं मोठ्या मनानं कबूल केलं. मग अमरावतीला हाडाचा फोटो निघाला. तो फोटो आधी डॉक्टरांनी पाहिला आणि नंतर वलगावनं पाहिला. प्रत्येकानं तो उन्हात धरला, प्रत्येकाला त्यात काहीतरी दिसलं, आणि दोघांना तर मुतखडाही दिसला. डॉक्टरांचं म्हणणं एवढंच पडलं की हे हाड सांधायचं नाही. नागपूरला एक विलायतेत शिकून आलेले सर्जन आहेत, ते हाडाचा मोडका गोळा काढून त्या जागी पोलादी गोळा बसवतात, तिकडं घेऊन जा.

शस्त्रक्रियेची पूर्वतयारी दोन प्रकारची असते, एक रोग्यानं करायची आणि दुसरी लोकांनी करायची. रोग्यानं फक्त उपाशी राहायचं असतं, म्हणून खरा भार लोकांवर पडतो. वलगावनं तो उचलला. ओसरीवर रोज संध्याकाळी विचारविनिमय होऊ लागला आणि त्यात जे मुद्दे उपस्थित झाले ते वैद्यकशास्त्राला आजवर सुचलेले नाहीत. पोलाद आहे, तर पावसाळ्यात गंजेल का? गंजलं तर तेल कुठून घालायचं? लोखंडावर वीज पडते, तेव्हा मृगात वामनरावांनी शेतात जावं की नाही, आणि गेले तर शेजारच्यांनी आपल्या शेतात थांबावं की नाही? सगळ्यात खोल विचार सहदेवरावांनी केला. त्यांनी विचारलं, की उद्या वामनचं बरंवाईट झालं आणि राख सावडताना तो गोळा निघाला, तर तो अस्थींत धरायचा की इस्टेटीत? यावर दोन तट पडले. वामनराव पलीकडच्या खोलीत जागेच होते आणि त्यांना सगळं नीट ऐकू येत होतं.

लीलाबाईंना यातलं काही कळत नव्हतं. त्या दिसेल त्याला एकच विचारत, की हे चालतील ना? या प्रश्नात कुणालाच फारसा रस नव्हता.

नागपूरच्या सर्जनसाहेबांनी वामनरावांना विचारलं, की तुमची काय अपेक्षा आहे? असा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच कानावर आल्यामुळे वामनराव जरा गांगरले. मग म्हणाले, "मले पोट्टीचं कन्यादान माह्या हातानं कराचं हाय. बाकी तुमी म्हनान तसं."

साहेब म्हणाले, चालवून दाखवतो. आधी कुबड्या, मग काठी, पुढं जमलं तर तीही सोडा. पण एक गोष्ट जन्मभर पाळायची. जमिनीवर बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं नाही, पाटावर नाही. खुर्चीवर बसायचं. खाली बसलात तर गोळा वाटीतून निसटेल, आणि मग तो पाय माझ्याही हातात राहणार नाही आणि तुमच्याही.

वामनरावांनी मान हलवली. पोलादी गोळा चालेल, पाय कापावा लागला असता तर तेही एक वेळ चाललं असतं, पण माणूस मांडीच घालणार नाही म्हणजे काय, हे त्यांना काही केल्या समजेना. जेवण मांडीवर, पूजा मांडीवर, हिशेब मांडीवर, नातवंड मांडीवर. मांडी गेली म्हणजे उरलं काय? त्या रात्री इस्पितळात ते रडले. शेजारच्या खाटेवरच्याला वाटलं दुखतं आहे, म्हणून त्यानं नर्सबाईंना बोलावलं, आणि वामनरावांना नको असलेलं एक इंजेक्शन मिळालं.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. वामनराव पायाला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या लावून, कूस न बदलता, छताकडे पाहत पडून राहिले. मग उठले. दोन दांड्या धरून लहान पोरासारखी पावलं टाकायला शिकले. संक्रांत उलटून गेल्यावर कुबड्या घेऊन वलगावला आले, आणि समाचाराला सुरुवात झाली.

समाचार ही आपल्याकडची फार थोर संस्था आहे. तिला कुणी सभासद करून घेत नाही, वर्गणी नाही, कार्यालय नाही, तरी तिचं काम चोवीस तास चालतं. समाचाराला आलेला माणूस आधी रोग्याचा चेहरा पाहून हाय खातो, मग त्याच दुखण्यानं मेलेल्या आपल्या एका नातेवाइकाची हकिकत सांगतो, मग चहा पितो आणि जाताना धीर देतो. वामनरावांकडे येणाऱ्यांची पंचाईत अशी होती की पोलादी खुब्यानं मेलेला नातेवाईक अजून कुणाच्याच घरी नव्हता. तेव्हा लोकांनी तात्पुरते विंचू, कावीळ आणि बाळंतपण यांवर भागवलं. येणाऱ्याला खुबा पाहायचा असे. खुबा आत असल्यामुळे तो दिसत नसे, तेव्हा सुतार देवीदासनं शौचासाठी मधे भोक पाडून तयार केलेली खुर्ची दाखवून त्यांची समजूत काढावी लागे. ती पाहायला वलगावच्याच काय, शेजारच्या शिराळ्याच्याही बायका येऊन गेल्या.

या सगळ्यातून वेळ काढून वामनराव चालायचे. साहेबांनी सांगितलेला एकही व्यायाम त्यांनी चुकवला नाही. सकाळी उन्हं वर यायच्या आत कौशल्या त्यांचा दंड धरून त्यांना मारुतीच्या पारापर्यंत नेई आणि परत आणी. वाटेत लोक म्हणत, एवढं काहून चालून राह्यले, आराम करा. लोक असंही म्हणत, की अजून चालत काहून नाई. वामनराव दोघांनाही हो म्हणत. शिमग्याला कुबड्या सुटल्या, पाडव्याला ते नुसत्या काठीवर आले, आणि रामनवमीला काठी कौशल्येच्या हातात देऊन देवळाच्या पायरीपर्यंत गेले. पोरगी मागं उभी राहून हसत होती आणि डोळेही पुसत होती. वामनराव तिला म्हणाले, की आता तुह्यं पानी मीच सोडतो.

इथपर्यंत प्रकरण वैद्यकीय होतं. इथून पुढं ते सामाजिक झालं.

कन्यादानाला मुलीचा बाप पाटावर बसतो. वामनरावांना पाट बंद होता, म्हणून बोहल्याजवळ त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवायची, असं लीलाबाईंनी ठरवलं. ही एवढीशी गोष्ट बार्शीटाकळीला पोचली तेव्हा तिचं रूप असं झालं होतं, की मुलीचा बाप भर मांडवात खुर्चीवर बसणार. बातमीत खोटं काहीच नव्हतं. फक्त खुबा वाटेत गळून पडला होता.

पंजाबराव हा देवमाणूस. हुंड्याचा शब्द त्यांनी काढला नव्हता, मानपानाची यादी दिली नव्हती. पण मुलाचा बाप सतरंजीवर आणि मुलीचा बाप खुर्चीवर, म्हणजे आपलं डोकं इवायाच्या, म्हणजे व्याह्याच्या, गुडघ्याला लागणार, हे गणित त्यांना भावकीनं मांडून दाखवलं. गणित बरोबर होतं. तेव्हा पंजाबराव स्वतः वलगावला आले, वामनरावांची प्रकृती आस्थेनं विचारली, आणि म्हणाले, "माहं काई नाई इवाई. माह्यासाठी तुमी झाडावर बसा. पन लोकाइले काय सांगू?"

लोकांना काय सांगावं, हा आपल्याकडच्या सगळ्या धोरणांचा पाया आहे. त्यावर बैठक बसली. (वामनराव उभे होते.) पहिली सूचना आली, खुर्चीचे पाय कापून ती बुटकी करावी. पण खुर्ची बुटकी केली की खुब्याला ती जमिनीसारखीच. दुसरी सूचना सहदेवरावांची होती. बोहल्याशेजारी एक खड्डा खणावा, वामननं पाय खड्ड्यात सोडून काठावर बसावं. म्हणजे खुब्याला वाटेल खुर्ची आहे आणि लोकांना वाटेल जमीन आहे. या सूचनेत शास्त्रीयदृष्ट्या एकही दोष नव्हता. वरपक्षाला ती मनापासून पसंत पडली, खड्ड्याची लांबीरुंदीही निघाली. तेवढ्यात लीलाबाई आतून म्हणाल्या, "खड्डे खनू नोका. मानूस जिता हाय अजून." त्यावर सूचना मागं घेण्यात आली.

शेवटी तोड निघाली ती अगदी सरळ होती. मुलाच्या बापालाही खुर्ची द्यायची. दोन्ही बाप एका उंचीवर आले आणि समता प्रस्थापित झाली.

समतेचा एक दोष असा की ती दोघांत थांबत नाही. पंजाबरावांना खुर्ची, तर त्यांच्या थोरल्या भावानं खाली बसायचं का? थोरल्या भावाला दिली, तर मुलाच्या मामानं काय पाप केलं? मामा बसला तर वामनरावांचे थोरले जावई उभे राहतील, आणि थोरले जावई उभे राहिले म्हणजे ते थेट अकोल्याच्या मोटारीतच जाऊन बसतील, हा पूर्वानुभव होता. दोन्हीकडचे सरपंच, सोसायटीचे चेअरमन, आणि नव्या जिल्हा परिषदेत ज्यांचा माणूस ओळखीचा होता ते सर्वजण, असं करत करत यादी मांडवाच्या बाहेर गेली.

तेव्हा सहदेवरावांनी पुढाकार घेऊन शिस्त लावली. मानाचा प्रश्न आणायचाच नाही. खुर्ची ही औषध आहे, आणि ज्याला दुखणं त्यालाच औषध. ज्याच्या पायाला, गुडघ्याला, कंबरेला किंवा खुब्याला त्रास असेल त्यालाच खुर्ची मिळेल, बाकी सगळे सतरंजीवर. हा नियम इतका न्यायाचा होता की त्याला कुणी विरोधच करू शकलं नाही. सगळे मुकाट्यानं घरी गेले आणि लंगडू लागले.

त्या चैत्रात वऱ्हाडावर जे संकट आलं त्याची नोंद सरकारी दप्तरात नाही, ही खेदाची बाब आहे. वलगाव ते बार्शीटाकळी या टापूत दर तीन प्रतिष्ठित गृहस्थांमागे चार गुडघे निकामी झाल्याचं आढळून आलं. कंबरा तर मोजण्यापलीकडे गेल्या. विशेष म्हणजे हे दुखणं गरिबाला होत नसे. ज्या सालदारांनी जन्मभर पोती वाहिली त्यांचे गुडघे शाबूत राहिले आणि ज्यांनी ती वाहिलेली पाहिली त्यांचे गेले. थोरल्या जावयांचे दोन्ही गेले. मामा आधी फक्त डाव्या पायानं लंगडत. चेअरमनचा उजवा आहे असं कळल्यावर त्यांनी खबरदारी म्हणून उजवाही घेतला. सहदेवरावांना, नियम त्यांनीच केला असल्यामुळे, स्वतःसाठी काही मागणं बरं दिसेना. त्यांनी मोठ्या संकोचानं कंबर धरली. नत्थुजींचा धंदा तेजीत आला. ते कुणालाच, तुम्हाला काही झालेलं नाही, असं म्हणत नसत, त्यामुळे त्यांच्याविषयी लोकांचं मत पुष्कळ सुधारलं.

वामनरावांना एक माणूस मात्र आवर्जून सांगून गेला, की तुमचं बरं आहे बुवा, तुमचा गोळा नवा कोरा आहे. आमचे तर जुनेच.

लग्नाच्या दिवशी अमरावतीहून लोखंडी खुर्च्यांचा ट्रक आला. मांडवाला जांभळीचा पाला होता, बाहेर ऊन रणरणत होतं, आणि आत रांगेनं दुखणाईत बसले होते. एरवी मांडवात शिरलं की माणसं ओळखू येत, त्या दिवशी फक्त आजार ओळखू येत होते. मागं सतरंजीवर बसलेल्या मंडळींना नवरा-नवरी दिसत नव्हते. पण निरोगी माणसानं एवढं सोसायला हवं.

वामनराव सकाळपासून काठी टेकत फिरत होते. मुलीच्या बापानं बसायचं नसतं, ही रीत त्यांना माहीत होती. प्रत्येकाला राम राम, प्रत्येकाला पाणी, प्रत्येकाच्या गुडघ्याची चौकशी. उन्हात उभं राहून राहून पोलाद आणि हाड जिथं भेटतं तिथं आग पडली होती. तरी त्यांना बरं वाटत होतं. बोहल्याजवळ कौशल्येनं स्वतः ठेवलेली खुर्ची होती, तिच्यावर लाल फडकं घातलेलं होतं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, आणि अमरावतीचे मोरोपंत भटजी म्हणाले, "यजमान, या. कन्यादानाला बसा."

वामनराव बोहल्याजवळ आले. लाल फडक्यावर सहदेवराव बसले होते.

त्यांनी ती बळकावली होती असं म्हणता येणार नाही. दुसरी नव्हती. मामांनी एक पाय ठेवायलाही एक खुर्ची घेतली होती, चेअरमननं त्यांचं पाहून घेतली, आणि थोरला भाऊ उभा राहिला तर वामनचीच नाचक्की, म्हणून सहदेवराव नाइलाजानं बसले होते. वामनराव त्यांच्यासमोर उभे राहिले. थोरल्या भावाला ऊठ म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. सहदेवरावांनी वर पाहिलं, आणि मोठ्या प्रेमानं म्हणाले, "वामन, तुह्यानं होत नसंन तं मी करतो बाप्पा. मांगच्या खेपेले केलंच होतं."

खुर्चीची सूट फक्त वामनरावांच्या खुब्यापुरती होती, म्हणून मोरोपंतांनी हातानं पाटाकडे निर्देश केला. सहदेवरावांनी पाटाकडे पाहिलं. पाट जमिनीवर होता. त्यावर बसायचं म्हणजे वाकायचं, आणि त्यांची कंबर गेला महिनाभर वाकत नव्हती, याला सबंध मांडव साक्षीदार होता. सहदेवरावांच्या चेहऱ्यावर जी घालमेल झाली ती पाहणाऱ्यालाच खरं दुखणं म्हणजे काय हे कळलं असतं. एकीकडे मान, एकीकडे कंबर. शेवटी कंबर जिंकली. ते कण्हले आणि जागेवरच राहिले.

वामनरावांनी पाटाकडे पाहिलं. काठी जमिनीवर टेकवून त्यांनी डावा गुडघा जरासा वाकवला. खाली बसलो तर पाय जाईल, नाही बसलो तर ही पोरगीही भावाच्या हातून जाईल, एवढाच हिशेब त्यांच्या डोक्यात होता आणि तो ते पायाच्या विरुद्ध सोडवायला निघाले होते. कौशल्येनं मुंडावळ्यांतून ते पाहिलं आणि त्यांचं मनगट घट्ट धरलं.

तेव्हा वामनराव मांडवाकडे वळले. जन्मात कधी चारचौघांत तोंड न उघडलेला तो माणूस हात जोडून म्हणाला, "कोनी एक खुर्सी देता का? मले बसाची हौस नाई. पोट्टीचं कन्यादान कराचं हाय."

लोकांना वाईट वाटलं नाही असं नाही. सगळ्यांना मनापासून वाटलं. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रत्येकाला वाटलं, आपण आत्ता ताडकन उठावं आणि म्हणावं, घ्या. पण उठायचं कसं? जो उठेल त्याचा गुडघा सगळ्यांसमक्ष धडधाकट ठरणार. पंजाबरावांनी खुर्चीच्या दांड्यांवर हात ठेवले, अर्धवट उचललेही गेले. शेजारून थोरल्या भावानं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि ते परत टेकले. अशा रीतीनं त्या मांडवात धडक्या पायांची सगळी माणसं बसून राहिली, आणि ज्याचा एक खुबा नागपुरात काढून फेकला होता तो उभा राहिला.

मोरोपंत पन्नास वर्षं लग्नं लावत होते, असा पेच त्यांच्यापुढं आला नव्हता. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि खाली मान घालून म्हणाले, "शास्त्रात पाट सांगितला आहे. पाटावर उभं राहू नये असं काही सांगितलेलं नाही."

वामनराव पाटावर उभे राहिले. मग कौशल्या उठली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. बायका म्हणाल्या, बस वो, बस. ती म्हणाली, "माहा बाप उभा हाय. मी बसत नसतो." ती उठली म्हणून नवरामुलगाही उठला. (पुढं हा जावई फार चांगला निघाला, याबद्दल कुणाला आश्चर्य वाटलं नाही.) लीलाबाई सकाळपासून उभ्याच होत्या. उभ्या माणसांच्या ओंजळी हाताला लागेनात, म्हणून मोरोपंतही गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू उठले. सत्तरीच्या त्या माणसाचे गुडघे कटकट वाजले. उभ्या मांडवात खरा वाजलेला गुडघा तेवढाच.

वामनरावांनी काठी सोडून दिली. कौशल्येचा हात त्यांनी आपल्या हातात धरला, आणि पाणी सोडताना त्यांचा आवाज इतका फुटला की मंत्र पुढं मोरोपंतांनीच पुरा केला. त्यांना काही ऐकू येत नव्हतं, काही दिसत नव्हतं. एवढ्या वर्षांची गाठ मनातून सुटली, तेवढं त्यांना कळलं.

मागं कुजबूज चालू झाली होती, ती मात्र रीतसर होती. बार्शीटाकळीच्या भावकीचं म्हणणं असं, की हे ठीक झालं नाही. मुलीच्या बापाला खुर्ची नको म्हणून एवढी खबरदारी घेतली, आणि शेवटी तो पाटावर उभा राहून सगळ्यांपेक्षा उंच झाला. यात वलगावकरांचा काहीतरी डाव असला पाहिजे.

कन्यादान आटोपलं आणि कुणीतरी ओरडलं, पानं मांडली.

वैद्यकशास्त्रानं लक्ष द्यावं अशी घटना त्यानंतर घडली. बुंदी तयार असल्याचं कळताच समोरच्या रांगेतले गुडघे बरे झाले. मामांचे दोन्ही पाय एकदम सुटले. चेअरमननं मामांना मागं टाकलं. थोरले जावई पहिल्या पंगतीच्या टोकाला जाऊन बसले, सहदेवराव त्यांच्या शेजारी, आणि बघता बघता ती सगळी पंगत पळसाच्या पत्रावळींसमोर जमिनीवर मांडी ठोकून बसली. एकाचंही हाड वाजलं नाही. वरण वाढणाऱ्याला सहदेवराव कंबरेत वाकून सांगत होते, की तूप बेतानं घाल, उपरून नोको सोडू.

मांडवात नुसत्या खुर्च्या उरल्या. वामनराव त्यातल्या एकीवर बसले. आता कुठलीही घ्या, अशी परिस्थिती होती. कौशल्येनं शेल्याची गाठ सांभाळत त्यांच्यासाठी पान आणलं, मांडीवर घेता येत नाही म्हणून दुसऱ्या खुर्चीवर ठेवलं, आणि पहिला घास स्वतः भरवला. वामनराव जेवले. त्या पायानं पुढं ते पुष्कळ वर्षं चालले, शेतातही गेले, मृगातही गेले, वीज पडली नाही.

ही हकिकत आम्ही पुष्कळांना सांगितली. ऐकून प्रत्येक जण हळहळतो, सहदेवरावांना शिव्या घालतो, आणि म्हणतो की छे, आम्ही तिथं असतो तर पहिल्यांदा आम्ही उठलो असतो. आपणही आत्ता तेच म्हणाला असाल. सगळे म्हणतात. आजवर एकानंही ते उभं राहून म्हटलेलं नाही.